गुडघा आखडणे (वऱ्हाड)

गुडघ्याचा सांधा पूर्ण वाकत नाही किंवा पूर्ण सरळ होत नाही, अशी अवस्था. अमरावती-अकोल्याकडे 'टोंगळे आखडले' अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांत निंदणाला व कापूस वेचणीला जाणाऱ्या बाया पुष्कळ असतात. मुख्य कारणे : सांध्याची झीज, जंतुसंसर्ग, मोडलेले हाड जुळेपर्यंत बांधलेले प्लास्टर आणि शस्त्रक्रियेनंतर आत धरणारे व्रण. प्लास्टरमध्ये मांडीचा स्नायू रोडावतो, हाडाला चिकटतो आणि वाटी सरकेनाशी होते.

निरोगी गुडघा सुमारे १३५ अंश वाकतो. सपाट जमिनीवर चालायला ६०-६५ अंश पुरतात, खुर्चीतून उठायला ९० ते १०० लागतात. उकिडवे बसायला १२० च्या वर. त्यामुळे दवाखान्याच्या कागदावर 'बरा' झालेला गुडघा चुलीपुढे किंवा पंगतीत बसताना अडतोच. उपचाराचे उद्दिष्ट रोग्याला बसायचे कुठे आहे, हे विचारून ठरवावे.

उपचाराचा गाभा व्यायामच. आधी शेक, मग पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती खाली दाबत मांडी आवळायची आणि पाचपर्यंत मोजून सोडायची. नंतर पाठीवर निजून टाच अंथरुणावरून कुल्ल्याकडे ओढायची. ताण जाणवावा, पण रात्रभर ठणका राहिला किंवा सूज वाढली तर ते जास्त झाले. वाकवण्याच्या नादात गुडघा सरळ करण्याकडे दुर्लक्ष होते. थोडा वाकलेलाच राहिलेला पाय लंगडायला लावतो. व्यायाम हवाच, ताज्या दुखापतीवर जोराचे मर्दन मात्र घातकच.

अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे, तेव्हा बैठकांचे महत्त्व इथे कुणाला सांगायला नको. पण सुजलेल्या गुडघ्याला त्या वर्ज्य.

आखडलेपण व्यायामाने हटत नसेल तर भूल देऊन सांधा वाकवतात किंवा दुर्बिणीतून व्रण सोडवतात. जुनाट चिकटलेल्या स्नायूवर मोठी शस्त्रक्रिया करतात. पार झिजलेल्या सांध्याला रोपण. कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर केंद्राने २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली. रोपणानंतरही पहिल्या काही आठवड्यांतला व्यायाम चुकवला तर सांधा पुन्हा धरतो. अमरावतीचे इर्विन आणि अकोल्याचे सर्वोपचार ही सरकारी रुग्णालये. खेड्यातून तिथे वरचेवर येणे म्हणजे एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी. म्हणून व्यायाम पहिल्याच भेटीत रोग्याकडून करवून घ्यावा आणि घरच्या एकाला शिकवावा. गुडघा लाल, गरम होऊन ताप आला तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.