चित्राचा छाप आणि बंदरावरची जकात



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, तह आणि लढाया उभ्या राहतात. परंतु खिशात मावणाऱ्या वस्तूंनाही इतिहास असतो, आणि तो पुष्कळदा राज्यांच्या इतिहासापेक्षा आपल्या संसाराच्या अधिक जवळचा असतो. आज मी अशाच एका वस्तूविषयी बोलणार आहे. ती वस्तू म्हणजे हाताच्या पंजाएवढे किंवा त्याहूनही लहान असे रंगीत छापील चित्र.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील पुष्कळ घरांतून हल्ली मुले, आणि मुलांइतक्याच हौसेने मिळवते तरुणही, चित्रांचे पत्ते जमवितात. कोणी फुटबॉलपटूंचे जमवितो, कोणी जपानातून निघालेल्या पोकेमॉनचे. नवा संच युरोपात निघाला की तो तिकडून मागवितात आणि पार्सल हाती पडताना जकातीचा आकडा पाहून डोळे पांढरे होतात. या पत्त्यांना हसणाऱ्या वडील माणसांना मी एवढेच विचारीन की, आपण लहानपणी काडेपेटीचे छाप जमविले नव्हते काय? रस्त्यात पडलेली रिकामी पेटी उचलावी, पाण्यात भिजवून वरचे चित्र अलगद सोडवावे, वहीत चिकटवावे आणि दोन असतील तर एकाची अदलाबदल करावी, हा व्यवहार आमच्या पिढीने मन लावून केलेला आहे. जिन्नस बदलला, हौस तीच राहिली.

तेव्हा परदेशी चित्रावर जकात किती पडते, ती वाजवीपेक्षा जास्त कशी भरू नये, आणि अखेर ती कोणाच्या पदरात पडते, हे प्रश्न आजचे नाहीत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपासून ते आपल्या या मुंबईच्या परिसरात विचारले गेले आहेत. त्यांच्या तीन हकीकती मी आपणांस सांगतो.

पहिली हकीकत घाटकोपरच्या वाटेने जाते. राजा रविवर्म्यांच्या चित्रांना मागणी फार आणि चितारणारे हात दोनच, तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत छापील प्रती काढवाव्यात, असा सल्ला त्यांना सर टी. माधवरावांनी दिला होता. माधवराव हे बडोद्याचे दिवाण राहिलेले, राज्याचा जमाखर्च जाणणारे गृहस्थ. पण रविवर्म्यांनी सल्ल्याचा अर्धाच भाग घेतला. चित्रे परदेशी न पाठविता त्यांनी छापण्याची विद्या इकडे आणली. १८९४ साली गिरगावात त्यांचा शिळाछापखाना निघाला. यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीचे, चित्रे आणि गिऱ्हाईक इथले. पुढे तो छापखाना घाटकोपरास आला, आणि १८९९ च्या सुमारास तेथून मळवलीस गेला. नंतर तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. दादासाहेब फाळक्यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी तेथे काम केले होते.

आता योगायोग पाहा. १८८२ साली सरकारने बहुतेक आयात जकाती उठविल्या होत्या. १८९४ च्या मार्चमध्ये त्या पुन्हा बसल्या, सर्वसाधारण मालावर शेकडा ५. जकातीमुळे छापखाना निघाला असे मी म्हणत नाही. माधवरावांचा सल्ला त्याआधीचा आहे. परंतु हिशेब उघड आहे. यंत्र आणि दगड बंदरावर एकदाच उतरतात. चित्रे मात्र हजारांनी उतरली असती आणि प्रत्येक खेपेला भाडे, विमा व जकात घेऊन उतरली असती. परदेशी खर्च वाचविण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे ती वस्तू करण्याची कला आपल्या गावी आणणे होय.

दुसरी हकीकत जकात वाचविण्याची नसून भरण्याची आहे. गिरणीच्या कापडाच्या ताग्यावर एक रंगीत चित्र चिकटविलेले असे. बाजारात त्याला तिकीट म्हणत. देवदेवता, राजेरजवाडे, हत्ती, आगगाडी असे त्यावर काय नसे? ज्याला अक्षर वाचता येत नव्हते तो गिऱ्हाईक चित्र पाहून माल ओळखी. मँचेस्टरच्या कापडावरही आपल्याच देवांची तिकिटे असत. पण त्या दोन ताग्यांवरची चित्रे सारखी दिसली तरी त्यांच्यामागचा कराचा न्याय मोठा विलक्षण होता. १८९४ च्या मार्चात जकात बसली तेव्हा विलायती कापड तीतून वगळले होते. डिसेंबरात ते घेतले, तर जोडीला इथल्या गिरण्यांच्या सुतावर तेवढाच अंतर्गत कर बसविला. १८९६ साली हिशेब पक्का झाला: बाहेरच्या कापडावर शेकडा ३॥ आणि इथल्या गिरणीच्या कापडावरही शेकडा ३॥. जगात जकात बसते ती घरच्या धंद्याला आडोसा म्हणून. येथे आडोशाची किंमत घरच्यानेच भरावयाची होती.

हा कर तीस वर्षे चालला आणि त्याचा शेवट आम्हा कामगारांच्या इतिहासात घडला. १९२५ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी धंदा बसल्याचे कारण सांगून मजुरीत शेकडा ११॥ कपात जाहीर केली. सप्टेंबरात संप झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि अडीच महिने उपाशीपोटी टिकले. डिसेंबरात सरकारने तो अंतर्गत कर तहकूब केला, मालकांनी कपात मागे घेतली आणि भोंगे पुन्हा वाजले. मित्रहो, यातून एक गोष्ट स्पष्ट होते. कर मालकाच्या वहीत लिहिला जातो, पण वसूल व्हावयाला तो कामगाराच्या पगारापर्यंत किंवा गिऱ्हाइकाच्या खिशापर्यंत जातो. कागदावर भरणारा एक, प्रत्यक्षात भरणारा दुसरा.

तिसरी हकीकत काडेपेटीची. माझ्या मते या साऱ्या विषयाचे मर्म तिच्यात आहे.

एके काळी आपल्याकडे जळणाऱ्या काड्या मुख्यतः स्वीडन आणि जपानमधून येत. पेट्यांवरची चित्रे मात्र आपल्या माणसांसाठी काढलेली, आणि कित्येक तर थेट रविवर्म्यांच्या वळणाची. मग पहिल्या महायुद्धानंतर सरकारची तिजोरी रिकामी झाली. १९२१ साली काडेपेट्यांवर दर ग्रोसला १२ आणे जकात बसली आणि १९२२ साली ती दुप्पट म्हणजे १॥ रुपया झाली. ग्रोस म्हणजे १४४ पेट्या. आणि १॥ रुपयाच्या पै होतात २८८. म्हणजे पेटीमागे बरोबर दोन पै. ऐकायला क्षुल्लक वाटते. पण ज्या वस्तूची किंमतच पैशांत मोजावयाची, तिच्यावर दोन पै म्हणजे डोंगर. धंद्याला संरक्षण द्यावे हा सरकारचा हेतू नव्हता, तिजोरी भरावी एवढाच होता.

झाले उलटेच. व्यापाऱ्यांनी जकातीचा तक्ता बारकाईने वाचला. ही ग्रोसमागची जकात तयार पेटीवर होती. सुट्या काड्यांवर नव्हती, पेटीच्या पातळ लाकडी पट्ट्यांवरही नव्हती. तेव्हा बिनगुलाच्या काड्या आणि पट्ट्या बाहेरून मागवाव्यात, गूल इथे चढवावे, पेटी इथे जुळवावी, वर इथलाच छाप लावावा, असा धंदा सुरू झाला. यात लबाडी नव्हती. कायद्याने जेथे रेघ मारली होती तेथपर्यंत जाऊन ते थांबले होते. महसूल घटू लागताच सरकारने १९२४ साली रेघ पुढे सरकविली: सुट्या काड्यांवर रतलास ४॥ आणे, पट्ट्यांवर ६ आणे. केवळ जुळवणीवर उभे राहिलेल्यांचे गणित एका रात्रीत बदलले. ज्यांनी लाकूड आणून काडी कापण्यापासूनची सारी कृती इथे उभारली होती, ते टिकले.

या टिकणाऱ्यांत सर्वांत मोठा कोण निघाला? खुद्द स्वीडिश कंपनी! भिंत उंच झाली तेव्हा ती भिंतीच्या आत येऊन बसली. १९२३ साली वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजेच आपली विम्को, स्थापन झाली आणि मुलुंडच्या पुढे ठाण्या-कल्याणावरून जाणाऱ्या लोहमार्गावर अंबरनाथला तिचा कारखाना उभा राहिला. त्याच सुमारास दक्षिणेत शिवकाशीला अय्या नाडर आणि षण्मुग नाडर हे कलकत्त्यास जाऊन ही विद्या शिकून आले व हातकामाचा धंदा उभा राहिला. एका जकातीने एकीकडे परदेशी भांडवलाचा यंत्रकारखाना आणि दुसरीकडे दुष्काळी मुलखातला हातधंदा, असे दोन प्रतिस्पर्धी जन्माला घातले. स्वीडिश कंपनीचे सूत्रधार इव्हार क्रूगर यांचे साम्राज्य १९३२ साली त्यांच्या मृत्यूनंतर कोसळले; अंबरनाथची पेटी मात्र पुढे कित्येक दशके आपल्या चुली पेटवीत राहिली. तिच्यावरचे जहाज आम्ही वहीत चिकटविले, तेव्हा ते कोणत्या वाऱ्याने इथवर आले हे आम्हांस ठाऊक नव्हते.

१९२८ साली कायद्याने ही जकात संरक्षक म्हणून मान्य झाली. पण सरकारला पैसा हवाच होता. बंदरावर तो मिळेना, तेव्हा १९३४ साली इथे होणाऱ्या काडेपेटीवरच अबकारी कर बसला आणि तो भरल्याची कागदी पट्टी पेटीवर चिकटू लागली. बाहेरची जकात चुकविण्यासाठी जो माल घरी आणला, त्याच्या मागोमाग करही घरी आला.

आता आजच्या पत्त्यांकडे येऊ. युरोपातून माल मागविणाऱ्याने त्या जुन्या व्यापाऱ्यांप्रमाणे आधी तक्ता वाचावा. आपल्याकडे जकात नुसत्या वस्तूच्या किमतीवर बसत नाही. किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर बसते आणि या साऱ्यावर पुन्हा एकात्मिक वस्तू-सेवा कर बसतो. दुसरी गोष्ट, युरोपातील दुकानाची किंमत तिकडचा मूल्यवर्धित कर धरून असते. जर्मनीत तो शेकडा १९, फ्रान्समध्ये २०, इटलीत २२ आहे. जर्मनीतील १०० युरोच्या संचात सुमारे १६ युरो हा कर असतो. निर्यातीच्या मालावर तो वगळण्याची तिकडे सोय आहे, पण प्रत्येक दुकानदार ती देतोच असे नाही. समजा टपालखर्च ३० युरो आहे. कर वगळला तर आपली जकात ११४ युरोवर मोजली जाईल. न वगळला तर १३० वर, म्हणजे परक्या सरकारच्या करावर आपण आपल्या सरकारचा कर भरणार! म्हणून मागणी नोंदविण्यापूर्वी हा एक प्रश्न दुकानदारास अवश्य विचारावा. दोघातिघांनी मिळून एकच पार्सल मागविले तर टपालखर्च वाटला जातो आणि त्यावरची जकातही.

ज्यांचे मुलगे-मुली युरोपात राहतात त्यांनाही हे लागू आहे. तिकडे २२ युरोपर्यंतच्या परदेशी पार्सलांना असलेली करमाफी १ जुलै २०२१ पासून बंद झाली. १५० युरोपर्यंतच्या मालावर विक्रेत्याने कर आगाऊ घेण्याची पद्धत त्याच दिवशी सुरू झाली; तो आगाऊ दिलेला बरा, कारण दारात भरावयाचा झाला तर पोचविणाऱ्याची हाताळणावळ वर चढते. ब्रिटन २०२१ च्या आरंभापासून त्या करव्यवस्थेच्या बाहेर आहे. लंडनहून बर्लिनला जाणारे पत्तेही आता परदेशी मालच ठरतात.

आणि एक इशारा. पार्सलावर "भेटवस्तू" लिहून धाडा, किंमत निम्मी दाखवा, असे सांगणारे शहाणे पुष्कळ भेटतात. आपल्या देशात डिसेंबर २०१९ पासून टपालाने वा कुरियरने भेट म्हणून जकात न भरता माल आणण्यास बंदी आहे. जीव वाचविणारी औषधे आणि राखी एवढाच अपवाद. शिवाय निम्मी किंमत लिहिलेले पार्सल गहाळ झाले तर भरपाई तरी कोणत्या तोंडाने मागावयाची? रेघेपर्यंत जाणे हा नागरिकाचा हक्क आहे; रेघ पुसणे हा नव्हे. १९२४ सालचे व्यापारी हा फरक जाणत होते.

आपल्या उपनगरांपुरते बोलावयाचे तर एक जकात आपल्या डोळ्यांदेखत गेली. मुलुंड आणि दहिसरच्या नाक्यांवर मालमोटारींच्या रांगा लावणारी महापालिकेची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू-सेवा कर आला तेव्हा संपली. रांगा गेल्या याचा आनंद सर्वांना झाला. पण नाका गेला म्हणजे कर गेला असे कोणी समजू नये. तो बिलात जाऊन बसला, जेथे रांग दिसत नाही.

माझे आयुष्य कामगारांच्या सभा घेण्यात गेले, म्हणून अखेर त्यांच्याच बाजूने एक विनंती करतो. सहारच्या विमानतळावर उतरणारे पार्सल कोणाच्या तरी पाठीवरून आणि हातातून आपल्या दारी येते. जकात उतरावी की चढावी यावर घरोघरी वाद होतात. तो वाद केवळ गिऱ्हाइकाच्या बाजूने करू नये. १९२५ साली कर तहकूब झाला तेव्हा कापलेली मजुरी परत मिळाली ती कामगार अडीच महिने उभे राहिले म्हणून. १९२४ साली तक्त्यातील एक ओळ बदलली तेव्हा जुळवणीच्या कामावर पोट असणाऱ्यांचे काय झाले, हे मात्र कोणत्याही छापावर लिहिलेले नाही.

पत्ते जरूर जमवा, मुलांनाही जमवू द्या. मात्र पार्सलाबरोबर येणारी पावती फेकू नका. मुलाला जवळ बसवून तिच्यातील एकेक ओळ वाचून दाखवा: ही वस्तूची किंमत, हे भाडे, ही जकात, हा कर. अर्थशास्त्राचा पहिला धडा तीत आहे आणि तो मला कोणत्याही शाळेत मिळाला नव्हता.