पुस्तकी किंमत एक रुपया

कॉमर्सच्या पदवीने मला आयुष्यात एकच तत्त्वज्ञान दिलं. ते म्हणजे घसारा. जगातली प्रत्येक वस्तू दरसाल थोडी थोडी मरत असते आणि तिच्या मरणाची नोंद रीतसर जर्नलमध्ये करायची असते. टेबल मरतं, पंखा मरतो, शाखेची जीप मरते. मरून मरून शेवटी वस्तूची किंमत शून्यावर येते, पण वस्तू तर समोर ढळढळीत दिसत असते. म्हणून जुन्या मंडळींनी तिची पुस्तकी किंमत एक रुपया धरायची पद्धत पाडली. आमच्या डहाणूच्या शाखेत एक रुपयावाल्या वस्तू बऱ्याच आहेत. पगार चालू आहे एवढ्याच कारणाने काही कर्मचारी त्या यादीत नाहीत.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आपल्या देशातला संगणकाचा इतिहास. हा इतिहास वाचताना मला वाटत होतं की कुठेतरी चकचकीत यंत्र बोटीतून उतरतंय, हारतुरे होताहेत. पाहतो तो काय, निम्मा इतिहास एक रुपयावाल्या वस्तूंचा निघाला!

त्याचं असं झालं. अमेरिकेतल्या आयबीएम कंपनीने ऑक्टोबर १९५९ मध्ये '१४०१' नावाचं यंत्र बाजारात आणलं. कमीत कमी १,४०० आणि जास्तीत जास्त १६,००० अक्षरं लक्षात ठेवणारं. (माझी मोठी वहिनी लग्नातल्या आहेराबद्दल याहून जास्त लक्षात ठेवते, पण तिला विजेची गरज लागत नाही.) भोकं पाडलेली कार्डं खायचं आणि मिनिटाला ६०० ओळी छापायचं. भाडं महिना अडीच हजार डॉलरपासून पुढे. त्या काळात आयबीएम यंत्र विकण्यापेक्षा भाड्याने देणं पसंत करी. हजारो यंत्रं खपली, म्हणजे भाड्याने गेली. मुंबईत एसो या तेल कंपनीकडे १९६१ साली एक येऊन बसलं.

पुढे १९६४ मध्ये कंपनीने '३६०' ही नवी मालिका काढली. अमेरिकन गिऱ्हाइकांनी जुनी १४०१ परत केली. आता या परत आलेल्या यंत्रांचं करायचं काय? अमेरिकेच्या हिशेबवह्यांत त्यांचा घसारा जवळजवळ पुरा झालेला. तेव्हा कंपनीने ती आहेत तशी भारतात आणायला सुरुवात केली. मुंबईच्या कारखान्यात ती उघडायची, साफ करायची, झिजलेले भाग बदलायचे, तपासायची आणि पुन्हा भाड्याने लावायची. म्हणजे अमेरिकेत मेलेलं यंत्र मुंबईत पुन्हा पोटाला लागे! आत्म्याचा पुनर्जन्म आपण पिढ्यान् पिढ्या मानत आलो, पण त्याचं मासिक भाडं आकारायची कल्पना काही आपल्या ऋषीमुनींना सुचली नाही.

यावर पुढे संसदेत बराच धुरळा उडाला. परदेशातला टाकाऊ माल गळ्यात मारतात, नफा डॉलरमध्ये घेऊन जातात, असं म्हणणं होतं. माझं स्वतःचं मत विचाराल (कोणी विचारत नाही), तर यंत्राला नावं ठेवण्यात अर्थ नव्हता. थोरल्याचा सदरा धाकट्याला आणि सातवीची पुस्तकं मावसभावाची, यावर आपली अख्खी मध्यमवर्गीय संस्कृती उभी आहे. सदरा चांगलाच असतो. फक्त थोरल्याने दर महिन्याला सदऱ्याचं भाडं मागितलं, तर धाकटा एक दिवस उघडा हिंडायला तयार होतो. तसंच झालं. १९७३ च्या परकीय चलन कायद्याने परदेशी कंपन्यांचा हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणायचा आग्रह धरला, आयबीएमने तो मानला नाही आणि १९७८ मध्ये गाशा गुंडाळला.

कंपनी गेली, पण यंत्रं राहिली. इथून पुढची गोष्ट मला जास्त आवडते. भाडेकरूच्या घरात सामान राहावं आणि मालकच निघून जावा, अशी ही तऱ्हा. या यंत्रांची देखभाल करायला सरकारची 'कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन' ही कंपनी पुढे आली. आयबीएममधले बरेचसे इंजिनियर तिकडे गेले, काहींनी स्वतःची कंपनी काढली. हातात पाना तोच, माणूस तोच, फक्त पगारपत्रकावरचं नाव बदललेलं. आमच्या राष्ट्रीयीकरणाची आठवण झाली.

जुनं १४०१ चालतं ठेवणं शक्य होतं, कारण त्याची रचनाच शहाणपणाची होती. आतले ट्रान्झिस्टर पत्त्यांएवढ्या छोट्या छोट्या कार्डांवर बसवलेले. एका प्रकारचं कार्ड कुठल्याही यंत्रातल्या त्याच प्रकारच्या खाचेत बसे. तेव्हा एक यंत्र गचकलं तरी त्याची शेकडो कार्डं दुसऱ्याच्या उपयोगी पडत. नेत्रदानाचा फॉर्म न भरता नेत्रदान!

याचा अर्थ आपल्याकडे नवं काहीच घडलं नाही असा मात्र करू नका. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या गटाने स्वतःच्या हाताने संगणक बांधला. १९५६ मध्ये छोटा नमुना चालला, १९६० मध्ये पूर्ण यंत्र कामाला लागलं, आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं 'टिफ्रॅक' असं बारसं केलं. दोन वर्षांच्या मुलाचं बारसं, पण सरकारी कामात एवढं चालायचंच. आत २,७०० व्हॉल्व्ह आणि स्मरणशक्तीसाठी लोहचुंबकी कड्या. प्रत्येकी ४० कड्यांचे २,०४८ शब्द. बँकेच्या सवयीने गुणाकार केला, ८१,९२० कड्या आल्या. मोहरीएवढ्या कडीतून बारीक तारा ओवायच्या, म्हणजे मंगळसूत्राची पोत ओवण्यासारखंच काम. फक्त एक मणी चुकला तर उत्तर चुकतं.

मग १९६९ साल. त्या वर्षी आमच्या शेजारी तारापूरला अणुवीज सुरू झाली. भट्ट्या अमेरिकन कंपनीच्या. आणि त्याच वर्षी ट्रॉम्बेच्या मंडळींनी 'टीडीसी-१२' हा घरचा मिनी संगणक उभा केला. पुढे हैदराबादच्या इसीआयएलने त्याची भावंडं काढली. 'मिनी' म्हणजे खिशातला समजू नका. तो मिनी स्कर्टचा काळ होता आणि संगणकाच्या बाबतीत मिनी म्हणजे फ्रिजएवढा. आधीची यंत्रं आख्खी खोली अडवत, त्या मानाने सुटसुटीत.

हीच १४०१ जिवंत करायचा उद्योग २००४ पासून अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या संगणक संग्रहालयात चालला. करणारे कोण, तर बहुतेक निवृत्त इंजिनियर. घरी बायकोला त्रास देण्याऐवजी यंत्राला द्यावा, असा विचार असणार. एक यंत्र जर्मनीतून आणलं, दुसरं कनेक्टिकटमधल्या एका घराच्या तळघरातून. जर्मन यंत्राला ५० सायकलची वीज लागे आणि अमेरिकेत ६० ची, म्हणून मध्ये दुभाष्या बसवावा लागला. आपल्याकडे आणलं असतं तर तेवढा खर्च वाचला असता. आपली वीज ५० चीच आहे, असते तेव्हा.

या कामात पहिला नियम म्हणजे बटण दाबायचं नाही. वर्षानुवर्षं पडून असलेल्या यंत्रातले कपॅसिटर आतून दुबळे झालेले असतात. एकदम पूर्ण दाब दिला तर फुटतात. त्यांना आधी थोडा दाब, मग थोडा जास्त, असं चढवत न्यावं लागतं. लंघन सोडताना आधी पेज, मग मऊ भात, आणि चार दिवसांनी बोंबील. मग गंजलेले जोड घासायचे, एकेक कार्ड तपासायचं. पुष्कळ ट्रान्झिस्टर मेलेले निघतात. काही वर्षं अशी गेली, पण दोन्ही यंत्रं चालली.

आइसलंडचं ऐकून तर मी थक्कच झालो. तिथे १९६४ साली आलेलं १४०१ सात वर्षांनी निवृत्त झालं, तेव्हा त्याला लोकांनी निरोपसमारंभ केला! यंत्र चालताना शेजारच्या रेडिओत सूर उमटत, त्यांचं संगीत करून ध्वनिमुद्रण करून ठेवलं. पुढे २००६ मध्ये देखभाल करणाऱ्या इंजिनियरच्या मुलाने त्या सुरांवर सबंध संगीतरचना काढली. आमच्या शाखेत माणूस निवृत्त झाला तरी नारळ, शाल आणि गार समोसा.

आमच्याकडेही एक यंत्र होतं. बँकांत यंत्रं यायला १९८३ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी युनियन आणि व्यवस्थापन यांच्यात करार झाला. पुढच्या वर्षी डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला आणि मग शाखाशाखांतून खातेवही भरणारी यंत्रं बसली. करारापूर्वी यंत्र म्हणजे शत्रूच. आमचे निवृत्त हेडकॅशियर काका त्या काळी गेटवर घोषणा द्यायला पहिले आणि १९८९ मध्ये यंत्र आलं तेव्हा ते शिकायलाही पहिलेच. हे यंत्र मिनी नव्हे, मिनीची नात म्हणा. मागच्या खोलीत ते जुन्या व्हाउचरांखाली बरीच वर्षं पडून होतं. पुस्तकी किंमत एक रुपया. ते शाखेतच ठेवावं म्हणून मी वर पत्र टाकलं. उत्तर आलं की अशा बाबतीत धोरण नाही, सबब निकाली काढावे. आणखी दोन शाखांची तसलीच यंत्रं आणि आमचं, असा एकच ढीग तलासरीला हायवेवरच्या एका भंगारवाल्याकडे वजनावर गेला.

रविवारी काकांना स्कूटरवर घालून तलासरी गाठली. शेठ तारा जाळून तांबं काढण्याच्या तयारीत.

"शेठ, ते तीन डबे जाळू नका," मी म्हटलं.

"साहेब, तुमीच तर विकले!"

त्याचा पोरगा आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. त्याला या डब्यांचं कौतुक वाटलं. मग पाच रविवार आम्ही तिथेच. एकाची बॅटरी फुटून पाटीवर हिरवं पसरलं होतं, ते पोराने लिंबू चोळून काढलं. दुसऱ्याचा वीजपुरवठा घेतला, तिसऱ्याचा पडदा. तीन हार्ड डिस्कपैकी दोन घरघरून गप्प झाल्या, तिसरी फिरली. काका शेजारी खाटेवर बसून सूचना देत होते. कुठली तार कुठे जाते हे त्यांना बिलकुल ठाऊक नव्हतं. पण यंत्र सुरू झाल्यावर पहिल्यांदा काय विचारतं, दुसऱ्यांदा काय विचारतं, चुकीचा आकडा दिला तर कसं ओरडतं, हे सगळं तोंडपाठ. हे सांगणारं डहाणूत दुसरं कोणी उरलं नव्हतं. काकांना त्या वर्षी एक्क्याऐंशी पूर्ण झाली होती.

पाचव्या रविवारी पिवळट अक्षरं उमटली. पोरगा ओरडला. शेठ जेवणावरून उठून आला. काका चष्मा पुसून पुढे सरकले. बॅटरी काढलेली असल्यामुळे यंत्राला काळाचा पत्ता नव्हता. त्याने तारीख दाखवली, १ जानेवारी १९८०, आणि बरोबर आहे का म्हणून विचारू लागलं.

काकांनी किबोर्डवर नेलेला हात मागे घेतला.

"थांब रे," ते पोराला म्हणाले, "ऐंशी साल म्हणजे अजून करार व्हायचाय. युनियनला कळलं तर पंचाईत होईल."

मग दाराकडे एकदा नीट पाहून घेतलं आणि एंटर दाबलं.