ब्रह्मगिरीची फेरी: तीन जिने आणि एक सायकल

नाशिककरांना सायकलचं वेड आहे हे आता सगळ्यांना माहीत आहे. २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली, आणि रविवारी पहाटे त्र्यंबक रोडला गेलात तर हेल्मेटवाल्यांची रांग दिसतेच. पण बहुतेक मंडळी त्र्यंबकेश्वरला चहा पितात आणि यू-टर्न मारतात. माझं म्हणणं, खरी राईड तिथून पुढे आहे.

माउंटन बाईकवाले ज्याला 'लूप ट्रेल' म्हणतात, ती इथे आपल्या लोकांनी केव्हाच आखून ठेवली आहे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी लोक, त्यातले कित्येक अनवाणी, ब्रह्मगिरीला प्रदक्षिणा घालतात. लहान फेरी साधारण २० किलोमीटरची, मोठी ४० ची. पेगलवाडी, पहिने, मग डोंगराच्या मागच्या अंगाने गणपतबारी, सापगाव आणि परत त्र्यंबक. डोंगर कायम उजव्या हाताला. कुठे डांबर, कुठे खडी, पावसाळ्यात नुसता राडा. (त्या सोमवारी मात्र सायकल घरी ठेवा. चालणाऱ्यांचा दिवस आहे तो.)

आता प्रश्न असा, की वाट डोंगराला वळसा का घालते? सरळ वरून का जात नाही? कारण हा डोंगर म्हणजे जिना आहे, आणि सायकलला काय किंवा बैलगाडीला काय, जिना चढता येत नाही.

पहिला जिना लाव्हाचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर पडत राहिला, थरावर थर. आमच्या भाषेत सांगायचं तर रिलीजवर रिलीज, आणि जुना कोड कोणी कधी काढलाच नाही! थराचा घट्ट भाग सहजी झिजत नाही, त्याचा उभा कडा होतो. बुडबुड्यांनी पोकळ झालेला भाग लवकर झिजतो, त्याची सपाटी किंवा उतार होतो. कडा, सपाटी, कडा, सपाटी... झाला जिना. अठराव्या शतकात युरोपातल्या अभ्यासकांनी अशा खडकाला 'ट्रॅप' म्हटलं, कारण स्वीडिशमध्ये 'ट्रापा' म्हणजे जिना. १८३० च्या दशकात कर्नल साइक्सने दख्खनच्या खडकांवर लिहिताना हाच शब्द वापरला आणि 'डेक्कन ट्रॅप' हे नाव रूढ झालं.

दुसरा जिना माणसांनी कोरला. वरचा कडा म्हणजे आयती तटबंदी, म्हणून ब्रह्मगिरीवर त्र्यंबकगड, पश्चिमेला हरिहर. हरिहरच्या कातळातल्या उभ्या पायऱ्यांचे फोटो तुम्ही नक्की पाहिले असतील. १६३६ मध्ये शहाजीराजांना निजामशाही सोडावी लागली तेव्हा त्र्यंबक आणि हरिहर दोन्ही मोगलांकडे गेले. एप्रिल १८१८ मध्ये लेफ्टनंट कर्नल मॅकडोवेलच्या फौजेपुढे त्र्यंबकगड पडला आणि पाठोपाठ आसपासच्या १७ किल्ल्यांनी शरणागती पत्करली. कॅप्टन ब्रिग्सने त्याच वर्षी हरिहर पाहिला आणि त्याला त्या पायऱ्यांना शिडीशिवाय दुसरी उपमा सुचेना. मराठ्यांनी पुन्हा डोंगरात आसरा घेऊ नये म्हणून इंग्रजांनी ठिकठिकाणी किल्ल्यांच्या वाटा सुरुंगाने उडवल्या. हरिहरचा जिना वाचला, हे आपलं नशीब.

तिसरा जिना भाविकांचा. त्र्यंबक गावातून गंगाद्वाराकडे काही शे पायऱ्या चढून जातात. खाली नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५५ मध्ये सुरू झालेलं देऊळ, तेही याच काळ्या दगडाचं. पण गंगाद्वाराला पाणी येतं कुठून? परत पहिल्या जिन्यापाशी या. पाऊस भेगांतून आणि पोकळ थरातून मुरत खाली जातो, घट्ट थर किंवा दोन लाव्हांच्या मधली तांबडी माती लागली की अडतो, आणि आडवा सरकून कड्यातून बाहेर पडतो. गडावरची टाकी, गंगाद्वार, पायथ्याचे झरे, सगळ्यांमागे हेच प्लंबिंग.

फेरी मारताना याची दुसरी गंमत कळते. पूर्वेकडचं पाणी गोदावरीत जातं. अरबी समुद्र इथून जेमतेम ८०-९० किलोमीटर, तरी पठार पूर्वेला कललेलं असल्याने ते १४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळतं. मागच्या अंगाचं पाणी वैतरणेत, म्हणजे शेवटी मुंबईच्या नळात. एका दमात दोन समुद्रांच्या मधली सीमा ओलांडायची आणि परत यायचं, असा लूप दुसरीकडे सहज सापडणार नाही.

म्हणूनच २०२१ मध्ये ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी यंत्रं लावून डोंगर खणला जातोय हे उघड झालं, तेव्हा नाशिकमध्ये एवढा गदारोळ झाला आणि जिल्हा प्रशासनाला दखल घ्यावी लागली. बाकी कुणाला वाटेल, एवढा मोठा डोंगर, कोपरा कापला तर काय बिघडलं? पण जिन्याची खालची पायरी म्हणजे फालतू जागा नाही. वरून मुरलेलं पाणी तिथल्या मातीत आणि दगडगोट्यांत साठतं, हळूहळू सुटतं. ती कापली की पाणी पावसाळ्यातच वाहून जातं, उतारही ढिला होतो. किल्ल्याची वाट उडवली तर दोनशे वर्षांनी दोर लावून तरी चढता येतं. आटलेला झरा दोर लावून वर येत नाही.

ब्रह्मगिरीच्या मधल्या सपाटीवर मेटघर आहे. मेट म्हणजे गडाखालची चौकी. गड राखणाऱ्यांची ही वस्ती, राज्यं बदलली, गड ओस पडला, तरी टिकून राहिली. पावसाळ्यात धबधब्यांनी वेढलेली असते आणि उन्हाळ्यात तिथल्या बायकांना हंडाभर पाण्यासाठी वणवण करावी लागते. २०२७ च्या सिंहस्थात लाखो लोक खाली कुशावर्तात स्नान करतील. त्याआधी किंवा नंतर, केव्हाही जा, पण फेरीत एकदा सायकल थांबवून मान वर करून मेटांकडे बघा. गोदावरीवर पहिला हक्क त्यांचा आहे.