गाव हेच पाठ्यपुस्तक

वैद्यकीय शिकणाऱ्या मुलांना आता पहिल्या वर्षापासूनच गावातली काही कुटुंबं 'दत्तक' घ्यावी लागतात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये हे सुरू केलं. नात्यातली एक मुलगी फोनवर म्हणाली, "आजोबा, ही एकदम नवीन कल्पना आहे!" जन्मभर इतिहास शिकवलेल्या माणसाला 'एकदम नवीन' हे शब्द ऐकले की राहवत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

मुळाशी जायचं तर १९४६ पर्यंत मागे जावं लागतं. सर जोसेफ भोर यांच्या समितीने त्या वर्षी अहवाल दिला. नुसता रोग बरा करणारा नव्हे, तर रोग होऊ नये म्हणून समाजात काम करणारा डॉक्टर हवा आणि त्यासाठी शिक्षणातले तीन महिने राखून ठेवावेत, असं त्यात होतं. विचार उत्तम! पण कॉलेजं शहरात, रुग्णालयंही शहरात. पोरं गाव शिकणार कुठे?

याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रात सापडलं. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांनी वर्ध्याजवळ सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय काढलं. तिथे नव्या मुलांचे पहिले पंधरा दिवस गांधीजींच्या आश्रमात जातात. मग प्रत्येक तुकडीला एक गाव. पंधरा दिवस त्या गावातच मुक्काम, प्रत्येकाच्या वाट्याला काही कुटुंबं आणि पुढेही त्याच घरी वरचेवर जाणं. माझ्या मते सगळं मर्म या 'त्याच घरी'मध्ये आहे. दवाखान्यात बाईच्या अंगात रक्त कमी आहे एवढं कळतं. ती सगळ्यांच्या मागून जेवते आणि तेव्हा टोपल्यात काय उरलेलं असतं, हे तिच्या चुलीपाशी बसल्याशिवाय कळत नाही.

दुसरं नाव जामखेडचं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये नगर जिल्ह्यातल्या या दुष्काळी भागात काम सुरू केलं. त्यांनी गावातल्याच बायकांना, त्यातल्या कित्येक निरक्षर, आरोग्याचं शिक्षण दिलं. पुढे देशोदेशीचे विद्यार्थी तिथे शिकायला येऊ लागले आणि ज्यांनी शाळा पाहिली नव्हती अशा बाया त्यांना शिकवू लागल्या! १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

सरकारनेही १९७७ मध्ये एक योजना आणली होती. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने तीन विकास गटांच्या आरोग्याची जबाबदारी घ्यायची. पण सेवाग्रामची सवय एका हुकमाने सगळीकडे कशी लागणार? जिथे शिकवणाऱ्यालाच गावाची ओढ नाही, तिथे गावभेटीची सहल होते.

आम्हा मास्तर लोकांना हे चटकन कळावं. बी.एड.ला असताना आपण सरावपाठ घेतो. ते पाठ आपल्याला मार्क देतात, पण वर्गातल्या चाळीस पोरांचा तो तास परत येत नाही. गावाचंही तसंच आहे. कुणीतरी बाई कामाचा खाडा करून अनोळखी पोरासमोर बसते, घरातलं दुखणंखुपणं, कर्जपाणी, दारूसुद्धा सांगते. पोराची वही भरते. तिला काय मिळतं?

माझ्या लेखी या कार्यक्रमाची खरी परीक्षा हीच. आपल्या जिल्ह्यात गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीच्या वाड्यावस्त्यांवर पावसाळ्यात आजारी माणसाला रस्त्यापर्यंत आणणं हेच मोठं काम असतं. तिथल्या एखाद्या घरी तेच पोर दुसऱ्या वर्षी पुन्हा गेलं, गेल्या खेपेचा खोकला आठवून विचारला आणि म्हातारीला तालुक्याच्या दवाखान्यात कुणाला भेटायचं ते सांगितलं, तरी पुष्कळ झालं.

त्या मुलीला मी एवढंच म्हटलं, "बाळ, दत्तक तू त्यांना घेतलेलं नाहीस, त्यांनी तुला घेतलंय." ती हसली. पटलं असावं. असो.