पंधराशे सत्तर कॅलरी

डाएटवर असलेला माणूस दिवसभर अगदी शहाण्यासारखा वागतो. सकाळी मोजून दोन फुलके, दुपारी काकडी, चारला बिनसाखरेचा चहा. आणि रात्री साडेअकराला तोच माणूस अंधारात, आवाज न करता, फरसाणाचा डबा उघडत असतो. आमच्या टीममधले निम्मे लोक सध्या या अवस्थेत आहेत आणि प्रत्येकाचं स्वतःबद्दलचं निदान एकच: "आपल्यात विलपॉवरच नाही यार." मला हे निदान पटत नाही. का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

नोव्हेंबर १९४४. दुसरं महायुद्ध संपत आलेलं, युरोपात लोकांची उपासमार चाललेली. पण उपासमारीतून माणसाला परत उभं करताना काय आणि किती खायला घालायचं, याची धड माहिती नव्हती. मिनेसोटा विद्यापीठातले अ‍ॅन्सेल कीज (अमेरिकन सैनिकांच्या 'के रेशन'वाले तेच हे) यांनी त्यासाठी ३६ तरुण निवडले. हे सगळे बंदूक धरायला तत्त्व म्हणून नकार दिलेले लोक. हा मुद्दा लक्षात ठेवा. सगळा देश युद्धात असताना 'मी मारणार नाही' म्हणून उभं राहायला विलपॉवरच लागते, दुसरं काय! शिवाय ही मंडळी उपाशी राहायला स्वतःहून आली होती.

राहायची सोय विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखाली. पहिले १२ आठवडे रोज साधारण ३२०० कॅलरी. मग फेब्रुवारी १९४५ पासून २४ आठवडे सरासरी १५७०. बटाटे, सलगम, ब्रेड, मॅकरोनी असलं जेवण. त्यात आठवड्याला २२ मैल चालणं सक्तीचं. जेवणं दोनच, सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी पाचला. म्हणजे रात्रभर धरून साडेपंधरा तास पोटात काही नाही. आज आपण याला इंटरमिटंट फास्टिंग म्हणून फोनवर अ‍ॅप लावतो.

पुढे जे झालं ते वाचताना हसूही येतं आणि पोटात कालवतंही. माणसं ताटं चाटायला लागली. एकेक जेवण दोन-दोन तास पुरवायला लागली. बटाट्यात पाणी घालून ते वाढवायचे. च्युइंगगम इतका चघळायचे, कॉफी इतकी प्यायचे की त्यावर मर्यादा घालावी लागली. राजकारण, मुली, युद्ध, सगळ्या गप्पा बंद, विषय फक्त खाणं. ज्यांनी आयुष्यात कधी अंडं उकडलं नव्हतं ते पाककृतींची पुस्तकं जमवत होते. एकाने तर पहाटे पाचपर्यंत जागून ती पुस्तकं वाचल्याची नोंद केली आहे. (आपण रात्री बारानंतर यूट्यूबवर मिसळीचे व्हिडिओ बघतो, ते आठवलं ना?) किराणा दुकानात काम करणाऱ्या एकाचा तोल सुटला आणि त्याने बिस्किटं, पॉपकॉर्न, जास्त पिकलेली केळी असं जे हाताला लागेल ते खाल्लं. शेवटी बाहेर जाताना बरोबर एक जोडीदार न्यायचाच असा नियम केला गेला. ३६ पैकी ३२ जणांचीच माहिती अखेर धरली गेली.

शरीराने काय केलं? वजन सुमारे पाव हिश्श्याने उतरलं, नाडी मंदावली, आणि शरीराचा बसल्या जागचा खर्च जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी झाला. भर जुलैत लोकांना थंडी वाजत होती. उत्पन्न घटलं म्हणून घरातले दिवे बंद करावेत, तसं. भूक हा त्याच हिशेबाचा भाग होता. तत्त्वनिष्ठा तिच्यापुढे फार टिकली नाही.

आता न्यायाने बोलायचं तर हे लोक मुळातच सडपातळ होते आणि भरपूर चालत होते. खुर्चीत बसून कोड लिहिणाऱ्या, दहा किलो जादा असलेल्या माणसाला १५०० म्हणजे तेवढी उपासमार नव्हे. पण जिथे तिथे फॉरवर्ड होणाऱ्या डाएट चार्टवरचा आकडा आणि कीज यांनी उपासमारीसाठी वापरलेला आकडा शेजारी-शेजारी आहेत, हे नजरेआड करता येत नाही.

आणि रात्रच का? १९५५ मध्ये अल्बर्ट स्टंकार्ड या डॉक्टरांनी न्यूयॉर्कमध्ये २५ लठ्ठ रुग्णांच्या खाण्याचा अभ्यास मांडला: सकाळी भूक नाही, संध्याकाळनंतर खाणं आवरत नाही, झोप लागत नाही. त्याला त्यांनी रात्रीच्या खाण्याचा विकार म्हटलं. आपली सगळ्यांची रात्रीची भूक काही विकार नव्हे. २०१३ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी १२ निरोगी लोकांना मंद उजेडात, घड्याळाशिवाय ठेवून पाहिलं. खाण्याच्या आणि झोपण्याच्या वेळा बदलल्या तरी शरीराच्या आतल्या घड्याळानुसार भूक सकाळी आठच्या सुमारास सगळ्यात कमी आणि रात्री आठच्या सुमारास सगळ्यात जास्त होती. म्हणजे सकाळी आपण जो निग्रह दाखवतो, तो बराचसा फुकटातला असतो! आणि दिवसभराची तूट वसूल व्हायला येते ती नेमकी भूक चढलेली असते तेव्हा.

म्हणून टीममधल्या मित्रांना मी एवढंच म्हणतो की दुपारची काकडी बंद करा आणि नीट वरण-भात-उसळ जेवा. रात्रीच्या खाण्याला चार्टमध्ये आधीच जागा ठेवा, मग ते ताक असो की मूठभर फुटाणे. वजन हळू उतरेल, उतरू दे. कीज यांच्या लोकांना तर प्रयोग संपून हवं तेवढं खायची मुभा मिळाल्यावरही पोट भरल्यासारखं वाटत नव्हतं. चरबी आधीपेक्षा जास्त साठली. आणि त्यांच्यातले तिघे पुढे चक्क स्वयंपाकी झाले.