डायनामो, पॉइंट आणि अर्थिंग : जुन्या मोटारीतील दोषशोधाचा इतिहास

मोटारगाडीच्या आरंभकाळात विजेचे काम सिलिंडरमधील इंधन पेटवणारी ठिणगी पाडण्यापुरतेच होते. ते बहुधा मॅग्नेटो, म्हणजे चुंबकाच्या साहाय्याने बॅटरीविना वीज निर्माण करणारे यंत्र, करीत असे; इंजिन हँडल फिरवून सुरू करावे लागे आणि दिवे ॲसिटिलीन वायूवर जळत. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला आणि इंजिन सुरू करणे, ठिणगी पाडणे व दिवे लावणे ही तिन्ही कामे एकाच व्यवस्थेकडे गेली. या सोयीबरोबर दोषही एकमेकांत गुंतले, कारण एका ठिकाणचा बिघाड आता भलत्याच ठिकाणी प्रकट होऊ लागला.

मुंबईत ही व्यवस्था परिचयाची झाली ती मुख्यतः फियाटमुळे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात फियाट ११०० तयार होई आणि तीच पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने टॅक्सी म्हणून शहरभर धावली. जुन्या फियाटची १२ व्होल्टची बॅटरी डायनामोवर, म्हणजे इंजिनाने फिरणाऱ्या वीजनिर्मिती यंत्रावर, चार्ज होई. इंजिन मंद चालत असताना डायनामो पुरेशी वीज देत नाही. म्हणून त्याचा विद्युतदाब बॅटरीच्या दाबाखाली गेला की जोडणी तोडणारा रिले, म्हणजे कटआउट, बसवलेला असे. कटआउटचे पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारे संपर्क, चिकटले की उभ्या गाडीची बॅटरी डायनामोतून उलट वाहून उतरे आणि दोष मात्र बॅटरीच्या माथी येई.

अशा गुंत्यातूनच क्रमाने तपासण्याची पद्धत रूढ झाली. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी स्थिर अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. परंतु गंजलेल्या टर्मिनलमागेही मीटर तोच आकडा दाखवू शकतो, त्यामुळे सेल्फ, म्हणजे स्टार्टर, मारताना दाब किती पडतो, हे पाहणे निर्णायक ठरते. गाडीचा पत्रा हाच विजेच्या परतीचा मार्ग असल्याने, म्हणजे अर्थिंग असल्याने, किनारपट्टीच्या दमट हवेत त्या जोडांवर गंज चढतो आणि इंडिकेटर लावताच मागचा दिवा लुकलुकू लागतो. ठिणगीच्या बाबतीत, तिच्यासाठी उच्च दाब निर्माण करणाऱ्या कॉइलचा प्रवाह तोडणारे पॉइंट प्रथम पाहिले जातात. त्यांतील अंतर साधारण अर्धा मिलिमीटर असते, आणि ते वारंवार जळत असल्यास त्यांना समांतर जोडलेल्या कंडेन्सरवर संशय जातो.

वयोमर्यादेच्या नियमामुळे पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ अखेर हद्दपार झाली. जतन केलेल्या गाड्यांना मात्र हीच तपासणी आजही लागू पडते. भाग बदलण्यापूर्वी बॅटरीपासून पत्र्यापर्यंतचा प्रवाहाचा संपूर्ण मार्ग तपासावा, हेच या इतिहासाचे व्यावहारिक सार आहे.