फोर्ट कोची : पाण्याने जवळ, रस्त्याने दूर

केरळच्या सहलीत फोर्ट कोचीच्या वाट्याला बहुधा अर्धाच दिवस येतो आणि त्यातलाही बराचसा वाहनात बसून जातो. एर्नाकुलम हे कोचीचे आधुनिक, व्यापारी अंग. फोर्ट कोची व मट्टनचेरी ही जुनी बंदरवस्ती खाडीपलीकडे आहे. विलिंग्डन बेट व तोप्पुंपडीमार्गे रस्ता सुमारे बारा किलोमीटरचा असून सायंकाळी त्यावर वाहनांची दाटी होते. पाण्यावरून हेच अंतर साधारण वीस-पंचवीस मिनिटांत पार पडते.

कोकण रेल्वेने येणाऱ्या महाराष्ट्रातील प्रवाशांनी एर्नाकुलम जंक्शनवर उतरून रिक्षाने थेट बोटीचा धक्का गाठावा. नेडुंबश्शेरी विमानतळ मात्र सुमारे चाळीस किलोमीटर दूर आहे. सामान कमी असल्यास आलुवापर्यंत रस्त्याने व पुढे मेट्रोने शहरात येणे सोयीचे ठरते.

राज्य जलवाहतूक खात्याच्या साध्या बोटी अत्यंत स्वस्त आहेत आणि स्थानिक नोकरदार त्यांनीच ये-जा करतात. त्यांच्या जोडीला हायकोर्ट धक्क्यावरून वॉटर मेट्रोची सेवा एप्रिल २०२४ मध्ये फोर्ट कोचीपर्यंत सुरू झाली. कोचीच्याच जहाजबांधणी कारखान्यात तयार झालेल्या या वातानुकूलित, विजेवर चालणाऱ्या मोठ्या बोटींत शंभर प्रवासी मावतात. सुटीच्या दिवशी रांग लांबते. अशा वेळी साध्या बोटीला कमी लेखू नये.

वायपीन बेटावरून येणाऱ्यांसाठी वाहनांसह प्रवासी नेणारी रो-रो सेवा २०१८ पासून आहे. त्याआधी याच जलमार्गावर ऑगस्ट २०१५ मध्ये मासेमारी नौकेची धडक बसून प्रवासी बोट बुडाली व अकरा जणांचा मृत्यू झाला होता. बंदराच्या तोंडाशी प्रवाह जोरकस असतो आणि मोठी जहाजे सतत ये-जा करतात. भरलेल्या बोटीत घाईने चढण्यापेक्षा पुढच्या बोटीची वाट पाहणे केव्हाही शहाणपणाचे.

फोर्ट कोचीला उतरल्यावर वाहनाची गरज नाही. चिनी जाळी, परेड मैदान, सेंट फ्रान्सिस चर्च, १९०५ साली पवित्र करण्यात आलेले सांताक्रूझ बॅसिलिका हे सारे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. दगडांच्या वजनावर तोललेली ती अवाढव्य जाळी चार-सहा माणसे मिळून ओढतात. सकाळी लवकर गेल्यास हे काम नीट पाहता येते. चर्चमध्ये वास्को द गामाच्या कबरीची शिळा आहे. १५२४ मध्ये कोचीतच त्याचा मृत्यू झाला. अवशेष पुढे पोर्तुगालला नेण्यात आले.

मट्टनचेरी येथून दोन-अडीच किलोमीटरवर. ‘स्वस्तात फिरवतो’ म्हणणारा रिक्षावाला वाटेत दुकानांपुढे थांबणार, हे गृहीत धरावे. भाडे व थांबे आधी ठरवलेले बरे. त्याहून चांगले म्हणजे बाजार रोडने पायी निघावे. सुंठ, मिरी व तांदळाच्या वखारींचा हा रस्ता कोणत्याही संग्रहालयाइतका बोलका आहे. पुढे पोर्तुगिजांनी बांधलेला व डचांनी दुरुस्त केलेला राजवाडा, आणि त्यालगत १५६८ चे परदेशी सिनेगॉग. ‘परदेशी’ हा शब्द येथे मराठीतल्याच अर्थाने आहे : बाहेरून आलेल्या ज्यूंचे प्रार्थनास्थळ. शुक्रवारी राजवाडा बंद असतो, शनिवारी सिनेगॉग. ज्यू सणांच्या दिवशीही तेथे प्रवेश नसतो. केवळ याच दोन वास्तूंसाठी येणाऱ्यांनी दिवस निवडताना हे ध्यानात ठेवावे. जवळच्या चेरलाई भागात तिरुमल देवस्थानाच्या परिसरात कोकणी कानी पडते. गोव्यातून सोळाव्या शतकात आलेल्या गौड सारस्वतांची ही वस्ती बहुतेक सहलींच्या यादीत नसते.

डिसेंबरअखेर येथील गर्दीला पारावार नसतो. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री पप्पांजीचा भव्य पुतळा जाळला जातो आणि त्यानंतर हजारो लोक एकाच वेळी परतू लागतात. त्या रात्री मुक्काम फोर्ट कोचीतच असावा. इतर दिवशी शेवटच्या बोटीची वेळ धक्क्यावर उतरतानाच विचारून घ्यावी. ती चुकल्यास रस्त्याचे तेच बारा किलोमीटर वाट्याला येतात.